खोलीचं अस्तर

मागच्या खोलीत शिरण्याआधी आईने हात दोनदा पुसले. एकदा टॉवेलला, आणि टॉवेलवर तिचा फारसा विश्वास नसल्यामुळे नंतर स्वतःच्या कपड्यांना. तिच्या मागे वहिनी, वहिनीच्या मागे अप्पा, आणि सगळ्यांत शेवटी आत्या अशी मिरवणूक दारातून आत आली, आणि आत आल्यावर कोणीच काही बोललं नाही. या घरात ही साधी गोष्ट नव्हती. खाली सोफ्यांचा कारखाना, वर घर. यंत्रं दिवसभर धडधडायची आणि माणसं त्यांच्यावर आवाज चढवून बोलायची. मीठ मागायचं तरी हाक मारल्यासारखं.

खोली तयार झाली होती, आणि ती बघून सगळ्यांच्या छात्या फुगल्या होत्या.

खिडकीवर आईचा चार पदरी पडदा. दाराशेजारी वहिनीची निळी गादी. उजव्या भिंतीवर अप्पांच्या दोन, छताला टांगलेली एक, आणि समोरच्या भिंतीवर सगळ्यांत मोठी, दादाची. घरची धाकटी लेक सुरुवातीला त्यांना पॅनेल म्हणायची. बाकी सगळे गाद्या म्हणायचे, त्यामुळे हळूहळू तीही गाद्याच म्हणायला लागली. मधोमध स्टँडवर माइक होता. त्याच्यापुढे वहिनीने भरतकामाच्या गोल चौकटीत जुना पातळ मोजा ताणून जाळी केली होती, ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना तोंडातून सुटणारा वारा अडवायला. टेबलावर लॅपटॉप, साउंड कार्ड आणि दोन स्पीकर. स्पीकरखाली फोमचे तुकडे ठेवा, एवढंच धाकटीने सांगितलं होतं. अप्पांनी त्या तुकड्यांना कापड चढवून कडेने गोट लावला होता. केबली उघड्या दिसतात म्हणून आईने त्यांना कापडी म्यानं शिवली होती.

“मोठ्या स्टुडिओतसुद्धा असं नसेल,” आई म्हणाली.

“नसतं,” लॅपटॉपपाशी बसलेली धाकटी म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

तीन पिढ्या या घराने लोकांच्या बसण्याची सोय केली होती. मऊ म्हणजे किती मऊ, हे इथल्या लहान मुलालाही कळायचं. महिन्यापूर्वी धाकटी जेवताना म्हणाली होती की भिंतींवर थोडं मऊ काहीतरी लागेल, आवाज आदळून परत येऊ नये म्हणून. ‘थोडं’ हा शब्द तेव्हा कोणाच्याही कानात शिरला नाही. आधी अप्पांनी कापडाचे नमुने काढले, मग वहिनीने दाभण काढलं, आणि मग कोणाची गादी जाड होते याची चढाओढ लागली. धाकटीला मधेच शंका आली होती. पण आई चष्मा लावून पडद्याचा चौथा पदर जोडत बसलेली आणि धाकटीची छोटी चिंगी तिच्या पायाशी चिंध्यांत लोळत असलेली, अशा वेळी ‘पुरे’ म्हणायला तोंड उघडेना. आपल्या कामाचं कोणालातरी इतकं कौतुक आहे, हेच तिला नवीन होतं.

फक्त दादा नव्हता. तो खाली हॉटेलच्या खुर्च्यांच्या कामाला बसला होता. खोलीला विरोध त्याचाच, आणि तोही काही वेडावाकडा नव्हता. हॉटेलचं मोठं काम हाती आलं होतं, फोम ठेवायला जागा नव्हती, आणि घरात एकच खोली मोकळी होती. चिंगी झाल्यावर स्टुडिओतली नोकरी सोडून धाकटी माहेरी आली, तिचा नवरा वर्षातले बरेच महिने जहाजावर, हे सगळं त्याला समजत होतं. पण फोमही समजत होता. शेवटी वहिनी आणि आत्या धाकटीच्या बाजूने बसल्या, आई मुलाच्या बाजूने, आणि अप्पा नेहमीप्रमाणे ताटाच्या बाजूने. त्यावर दादाने तोड काढली होती. ध्वनिपुस्तकं काढणाऱ्या एका कंपनीला धाकटीने विचारलं होतं. त्यांनी नमुन्यादाखल एक प्रकरण वाचून पाठवायला सांगितलं होतं. तो नमुना पसंत पडला तर वर्षभराचं काम घरी, आणि खोली धाकटीची. नाही पडला तर फोमची गाडी येणार. नमुना आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता.

वाचणार होती आत्या. तिच्याशिवाय दुसरं नाव कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

*

आत्या शाळेत शिकवायची, तेव्हापासून शाळा सुटली की कारखान्यात येऊन बसायची आणि शिवणाऱ्यांना पुस्तक वाचून दाखवायची. शाळा संपली, वाचन राहिलं. आधी तिचे वडील ऐकायचे, मग भाऊ, मग भावजय, मग भाचा आणि भाची. या घरात सगळ्यांनी सगळी पुस्तकं कानाने वाचली होती, आणि तीही हातात काम असताना. समोरच्याचं तोंड बघून वाचायची सवय तिला कधीच नव्हती. ती यंत्रं ऐकायची. गोष्ट रंगायला लागली की एकेक यंत्र हळू व्हायचं. पायडलवरचे पाय थांबले की समजायचं, आता पान उलटायला घाई करायची नाही.

धाकटीने तिला खुर्चीवर बसवलं, माइक ओठांपासून वीतभर अंतरावर आणला, बाकीच्यांना बाहेर काढलं आणि दार लावलं. चिंगी नुकतीच झोपली होती. ती उठेपर्यंतचा वेळ आपला, असा या घरातल्या स्टुडिओचा कारभार.

कंपनीने एका दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट पाठवली होती. आत्याने पहिलं वाक्य वाचलं आणि ती थांबली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

तिला काहीतरी विचित्र वाटत होतं. आवाज तोंडातून निघत होता आणि पुढे कुठे जातच नव्हता. पायाशी गळून पडत होता. सरावाने तिने तो जरा वर उचलला, तर घसा ताणला गेला आणि शब्द तेवढेच राहिले. तिसऱ्या पानावर तिच्या लक्षात आलं की आपण घाईघाईने वाचतोय, जसं कोणी ऐकत नसलेल्या वर्गात तास उरकतात तसं. आयुष्यात असा तास तिने एकदाही उरकला नव्हता. चौथ्या पानावर तिने पुस्तक मिटलं.

“माझे कान गेलेत का गं?” तिने अगदी साधेपणाने विचारलं.

धाकटीने हेडफोन काढले. तिला त्या क्षणी फार वाईट वाटलं, कारण कानात जे ऐकू येत होतं ते आत्याला उघड्या कानांनीही कळलं होतं. आवाज स्वच्छ होता. खरखर नाही, घुमणं नाही, बाहेरचं काही नाही. आणि त्यात आत्याही नव्हती. कोणीतरी जाड पांघरुणाखालून बोलत असावं, तसं.

“कान तुझे ठीक आहेत, आत्या. तू चहा घे. मी बघते.”

दाराबाहेर सगळे कान लावून उभेच होते. आत्या काही न बोलता स्वयंपाकघरात गेली, आणि तिच्या न बोलण्यावरूनच सगळ्यांना कळलं.

*

मग जो तो कारण शोधायला लागला. आईचं म्हणणं, आत्याने सकाळी गार पाणी प्यायलं. वहिनीला माइकचा संशय. अप्पा म्हणाले, म्हातारपणी आवाज बसतोच. त्यावर आत्याने भावाकडे असं बघितलं की ते खिडकीबाहेर बघायला लागले. ते तिच्याहून फक्त दीड वर्षाने लहान होते.

धाकटी कपाला हात न लावता बसली होती. शेवटी तिने सांगून टाकलं. दोष आत्याचा नाही आणि माइकचाही नाही. खोली गरजेपेक्षा मऊ झालीय. आवाजातला काही भाग भिंतींनी प्यायला हवा आणि काही परत द्यायला हवा. आपली खोली सगळाच पिऊन टाकते. वाचणाऱ्याला स्वतःचा आवाज परत मिळत नाही, आणि मग तो वाचणं सोडून नुसता बोलत राहतो.

“म्हणजे काहीतरी काढायला लागेल,” वहिनी म्हणाली.

“हो.”

टेबलाभोवती जो तो आपल्या मनात आपापल्या गादीकडे बघायला लागला. आईने ताबडतोब सांगितलं की पडदा काढला तर रस्त्यावरच्या गाड्या आत येतील, तिला स्वतःसाठी काही नाही पण गाड्या येतील. अप्पा म्हणाले त्यांच्या दोन आहेत, त्यातली एक काढा. मग थोड्या वेळाने म्हणाले, पण त्या जोडीच्या आहेत, एकच काढली तर ओकंबोकं दिसेल. वहिनीने मोठ्या मनाने आपली निळी देऊ केली.

“तुझी लहान आहे, वहिनी. तिने काही फरक पडणार नाही,” धाकटी म्हणाली. “वाचणाऱ्याच्या समोरची भिंत लागेल.”

समोरची भिंत दादाची होती.

सगळ्यांना आठवत होतं की विरोध करणारा दादा नुसता बघायला म्हणून खोलीत आला होता, अप्पांच्या नि वहिनीच्या गाद्यांकडे पाहून म्हणाला होता की दुकानाचं नाव जाईल असं काही भिंतीला लावू नका, आणि त्याच संध्याकाळपासून त्याने स्वतःची चौकट कापायला घेतली होती. गर्द हिरवं कापड. शंकरपाळ्यासारखे चौकोन, प्रत्येक चौकोनाच्या टोकाला खोल ओढलेलं बटण, आणि एकही बटण सुतभर इकडेतिकडे नाही. त्याच्या आजवरच्या कामात असं काम झालं नव्हतं, हे घरात प्रत्येकाला ठाऊक होतं आणि एकानेही त्याला तसं सांगितलं नव्हतं.

“त्यांचीच का?” वहिनीने विचारलं. महिनाभर धाकटीसाठी नवऱ्याशी भांडलेली हीच वहिनी. आता तिचा आवाज गार झाला होता. “महिनाभर मी त्यांच्या मागे लागले, खोली देऊन टाका म्हणून. दिली. वर स्वतःच्या हाताने भिंत सजवून दिली. आता त्यांना जाऊन काय सांगू? तुमचंच तेवढं नको?”

“वहिनी, नको असं नाही.”

“तसंच होतं ते.”

आणि तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट घडली. आई, जिने आजवर मुलाविरुद्ध एक शब्द ऐकून घेतला नव्हता, ती कपबश्या गोळा करता करता म्हणाली की चिंगीच्या आईला तिच्या कामातलं कळतं. दादाने खुर्ची मोडीत काढली तर आपण म्हणतो का, राहू दे, लाकडाला वाईट वाटेल? वहिनीने सासूकडे बघितलं. दहा वर्षांत पहिल्यांदाच दोघींनी जागा बदलल्या होत्या, आणि नव्या जागी दोघींनाही जरा अवघडल्यासारखं झालं.

“मी सांगते त्याला,” धाकटी उठली.

“नको. माझ्याकडूनच कळू दे,” वहिनी म्हणाली आणि जिना उतरली.

*

खाली दादा हॉटेलच्या खुर्चीला कापड ताणत होता, पण त्याचं लक्ष वर होतं. वरून पावलं ऐकू आली होती, मग बराच वेळ काहीच नाही, मग कपबश्या. खोली बघून लोक काय म्हणाले हे सांगायला कोणीतरी खाली येईल, असं त्याला वाटत होतं. समोरच्या भिंतीबद्दल अप्पा काही म्हणाले का, हे त्याला विचारायचं नव्हतं. फक्त कोणी आपणहून सांगितलं तर ऐकायचं होतं.

वहिनीने जे सांगितलं ते ऐकून त्याने टाचणी तोंडातून काढली, पुठ्ठ्याला खोचली आणि विचारलं, “आत्या कुठाय?”

“स्वयंपाकघरात. गप्प बसलीय. आज आवाजच लागला नाही तिचा.”

आत्याचा आवाज लागत नाही हे त्याने याआधी कधी ऐकलं नव्हतं. शाळेत तो कच्चा होता. अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढे स्थिर राहत नसत. त्याला जे काही येत होतं ते या यंत्राशी बसून, त्या आवाजातून आलेलं. तो जिना चढून वर गेला.

धाकटी खोलीत एकटी उभी होती. त्याने आत येऊन दार लावलं आणि हाताची घडी घातली.

“बोल. काय चुकलंय माझं?”

“काही चुकलेलं नाही, तेच तर आहे. इतकं चांगलं भरलंयस की आवाजाला परत यायला वाटच राहिली नाही.”

“म्हणजे वाईट केलं असतं तर चाललं असतं.”

“दादा, भांडायचं असेल तर बाहेर जाऊ. इथे भांडणसुद्धा नीट ऐकू येत नाही.”

त्याला हसू आलं, पण त्याने ते दाबलं. धाकटीने त्याला खुर्चीत बसवून त्याच्या डोक्यावर हेडफोन ठेवले. आधी आजचं ऐकवलं. मग फोनमधलं जुनं काहीतरी लावलं. चिंगी पोटात असताना तिने एका दुपारी सहज टिपून ठेवलेलं. त्यात यंत्रांचा खडखडाट होता, कोणीतरी खोकत होतं, अप्पा कात्री मागत होते, आणि या सगळ्यावरून आत्या वाचत होती. मधेच एक यंत्र थांबलं. मग दुसरं. आत्याचा आवाज लगेच हळू झाला, जवळ आला, जणू ऐकणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून ती पुढे निघाली.

दुसरं थांबलेलं यंत्र आपलं होतं, हे दादाने ओळखलं. त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

“स्क्रूड्रायव्हर दे,” तो म्हणाला.

“आपण दोघं मिळून काढू.”

“तू लांब हो. ज्याने लावलीय त्याला माहितीय कुठून सुटते.”

त्याने खालचे स्क्रू आधी सोडले, मग वरचे. गादी खाली आली तेव्हा त्याने ती छातीशी धरली, आणि धाकटीला ते बघवेना म्हणून ती केबली आवरायला लागली. पण दादाचे हात त्यांचं रोजचं काम करत होते. बांधलेलं नवं काम कधी तोंड बाहेर करून ठेवायचं नाही, कापडावर धूळ बसते. कारखान्यात हा नियम सगळ्यांच्या अंगात मुरलेला. त्याने गादी उलटी केली, हिरवं कापड भिंतीकडे, आणि पाठ खोलीकडे करून ती त्याच भिंतीला टेकवली.

“फाडायची नाही,” तो म्हणाला. “खाली नेऊन झाकून ठेवतो. कुठेतरी उपयोगी येईल.”

धाकटी केबल हातात तशीच धरून वळली.

“परत बोल.”

“काय?”

“काहीही. बोल. तिथेच उभा राहा आणि बोल.”

त्याला काही सुचेना. मग तो गिऱ्हाइकांशी बोलतो तसं बोलायला लागला. तीन जणांचा सोफा, दोन सुट्या खुर्च्या, कापड तुमचं की आमचं, पाय बदलायचे असतील तर आत्ताच सांगा, नंतर कटकट होते. बोलता बोलता त्याचा स्वतःचा आवाज त्याला ऐकू आला आणि तो थांबला. आवाज उभा राहिला होता. मघाशी याच खोलीत भांडताना तो नव्हता.

धाकटी भिंतीजवळ गेली. गादीची पाठ तिने आतापर्यंत पाहिलीच नव्हती, लावताना ती चिंगीला घेऊन दुसऱ्या टोकाला उभी होती. साधा प्लाय ठोकलेला असेल अशी तिची समजूत. तिथे लाकडी पट्ट्या होत्या. जुन्या पलंगाच्या सागवानी पट्ट्या, काही रुंद, काही बोटभर, काही जाड, काही पातळ, एकमेकींत अशा बसवलेल्या की मधे नखसुद्धा शिरू नये. घासून घासून त्यांना इतकं गुळगुळीत केलेलं की दिव्याचा उजेड त्यांच्यावरून सरकत होता.

“हे भिंतीकडे तोंड करून लावलं होतंस?”

“मग काय, पाठ पुढे करून लावणार?”

“दादा,” ती म्हणाली आणि तिने पट्ट्यांवरून तळवा फिरवला. मग तिने कामाचं तेवढं सांगितलं. अशा कमीजास्त जाडीच्या लाकडावरून आवाज जसा परत येतो तसा तिला हवा होता. मोठ्या स्टुडिओत अशा भिंती मुद्दाम करून घेतात. तिने ते मागायचं धाडस केलं नसतं.

“उलटी लावायची?” दादाने विचारलं. त्याचा चेहरा पडला. “बटणं भिंतीकडे? गिऱ्हाइकाला पाठ दाखवायची?”

“इथे गिऱ्हाईक बघायला येत नाही. ऐकायला येतं.”

तो बराच वेळ हिरव्या कापडाची कड चिमटीत धरून उभा राहिला. त्या बटणांसाठी त्याची बोटं सोलवटली होती. मग त्याने स्क्रू गोळा केले.

*

गादी पुन्हा भिंतीला लावतानाची खुडबूड ऐकून अप्पा आत आले. त्यांच्या मागे बाकीची होतीच, पण ती दारात थांबली, कारण अप्पा सरळ भिंतीजवळ गेले होते आणि त्यांनी चष्मा कपाळावर चढवला होता. बारकाईने बघायचं असलं की ते चष्मा डोळ्यांवरून काढत.

शिकाऊ माणसाचं काम तपासायची अप्पांची एकच रीत होती. पुढून बघायचंच नाही. कुशन उलटं करायचं, खुर्ची पालथी घालायची, आणि आतली शिवण, खिळ्यांची रांग, कापडाची दुमड बघायची. लहानपणी दादाचं प्रत्येक काम त्यांनी असं पालथं घातलं होतं आणि अर्धं उसवायला लावलं होतं. मग एके दिवशी दुकान त्याच्या हाती दिलं आणि त्या दिवसापासून त्याच्या कामाला हात लावणं सोडून दिलं. हा विश्वास होता की आता बघण्यासारखं काही उरलं नाही, हे दादाला कधी कळलं नव्हतं. विचारायची या घरात पद्धत नव्हती.

अप्पांनी वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. अंगठा पट्ट्यांवरून आडवा फिरवला. एका सांध्यात नख घालून बघितलं. चौकटीच्या आतल्या कडेला, जिथे कापड दुमडून खिळलं होतं, तिथे वाकून डोळा लावला. खिळ्यांची रांग वरपासून खालपर्यंत सरळ होती. दादा जमिनीकडे बघत उभा होता. दोन मुलांचा बाप, आणि उभा लहानपणी राहायचा तसाच.

“मागून घासायला कोणी सांगितलं होतं?” अप्पांनी विचारलं.

“कोणी नाही.”

“भिंतीला चिकटणार होतं हे. कोणाला दिसणार होतं?”

“कोणालाच नाही.”

अप्पांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. ते दादाकडे वळले नाहीत, दाराकडे वळले. “ताई,” त्यांनी आपल्या बहिणीला हाक मारली, “इकडे ये. बघ पोराने काय काम केलंय. हात लावून बघ.” मग आईला बोलावलं. मग वहिनीला म्हणाले, तू पण ये, तुझ्या नवऱ्याचं काम आहे. प्रत्येकीचा हात त्या पट्ट्यांवरून फिरवून घेतल्याशिवाय त्यांनी कोणाला सोडलं नाही. वहिनीचा हात फिरता फिरता थांबला आणि तिने दुसऱ्या हाताने धाकटीचं मनगट धरलं. तिच्याकडे न बघता. दोघींमधलं भांडण तेवढ्यावर मिटलं.

दादाने स्क्रूड्रायव्हर खिशात टाकला. तो म्हणाला, “चला, बाहेर व्हा सगळे. तिला काम करू दे. चिंगी उठेल.”

*

तो खाली गेला आणि त्याने यंत्रं बंद केली. कारागिरांना सांगितलं, थोडा वेळ हाताने करायचं ते करा. मग जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन बसला.

आत आत्याने पुस्तक उघडलं. या वेळी पहिल्या वाक्यानंतर ती थांबली नाही. आवाज समोरच्या लाकडापर्यंत गेला आणि जरासा बदलून, कोणीतरी मान डोलावल्यासारखा, परत आला. तिला तेवढं पुरेसं होतं. ती त्या रखवालदाराच्या मागे मागे दीपगृहाच्या पायऱ्या चढायला लागली. धाकटीने हेडफोन कानांवर दाबून धरले. तिला लहानपणीसारखं वाटत होतं, पाय गोळा करून चिंध्यांच्या ढिगावर बसल्यासारखं. पण तिचं बोट आवाजाच्या बटणावर होतं आणि नजर लॅपटॉपवरच्या आवाजाच्या हिरव्या रेघेवर. ती कुठे वर जाते, कुठे खाली येते, हे ती कामाच्या डोळ्यांनी बघत होती. हे दोन्ही एकाच वेळी करता येतं, हे तिला आजच कळलं.

प्रकरण संपलं तेव्हा चिंगी उठून आजीच्या कडेवर आली होती आणि दाराबाहेर सगळे पुन्हा कान लावून उभे होते. धाकटीने दार उघडून त्यांना आत घेतलं आणि स्पीकरवर सुरुवात ऐकवली. आई डोळे मिटून ऐकत होती. आत्या एकदा स्वतःशीच म्हणाली, हं, ही मी. अप्पा पट्ट्यांना पाठ टेकवून उभे होते आणि कोणालाही तिथून हलू देत नव्हते, जणू ती भिंत त्यांनी विकत घेतली होती.

धाकटी फाइल कंपनीला पाठवायच्या तयारीत होती. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, आणि मग तिचं बोट तिथेच थांबलं. पसंत पडेल की नाही, हे अजून त्यांच्या हातात होतं. फोमची गाडीही अजून टळली नव्हती.

जिन्यावरून दादाचा आवाज आला. तो फोनवर होता, आणि सवयीने ओरडून बोलत होता, त्यामुळे प्रत्येक शब्द वर ऐकू येत होता.

“हो, गाडी सोमवारी पाठवा. पण घरी नको, पलीकडच्या गल्लीत गोदाम घेतोय मी, तिथे. नाही, नाही. मागची खोली नाही देता येणार. तिथे आमचं रेकॉर्डिंग चालतं.”

धाकटीने वर बघितलं. सगळे तिच्याकडेच बघत होते. नमुना अजून गेलाही नव्हता.